नाशिक : एक नाव, अनेक दप्तरे

गावाचे नाव हा त्या गावाचा सर्वांत जुना दस्तऐवज असतो. तट ढासळतात, वाडे जमीनदोस्त होतात, राज्ये येतात आणि जातात. नाव मात्र एका पिढीच्या तोंडून दुसऱ्या पिढीच्या कानी पडत राहते. नाशिक हे या दृष्टीने महाराष्ट्रातील अत्यंत उद्बोधक उदाहरण आहे. सुमारे दोन हजार वर्षे हे नाव लेखांत सापडते. या काळात राजदरबाराने या परिसरासाठी निदान दोनदा वेगळे नाव वापरले आणि एकदा त्याचे नाव चुकीच्या कानाने टिपले. तरीही गोदातीरीच्या लोकांनी आपला उच्चार सोडला नाही. या नावाचा इतिहास पाहिला म्हणजे नावे कोण ठेवतो, ती कोण टिकवतो आणि दप्तराचे त्यात नेमके काय काम असते, हे तिन्ही प्रश्न उलगडतात.

पाषाणावरील नाव

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस त्रिरश्मी डोंगरात चोवीस लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. या लेण्यांतील ब्राह्मी लेख म्हणजे महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचे एक मोठे दप्तरच होय. क्रमांक १९ चे लेणे सातवाहन राजा कृष्ण याच्या काळात कोरविले गेले. ते नासिकच्या एका महामात्राने, म्हणजे श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, करविले अशी नोंद तेथे आहे. क्रमांक १८ च्या चैत्यगृहावर नासिककरांच्या दानाचा उल्लेख आहे. दूर मध्य भारतात भारहुतच्या स्तूपाच्या एका स्तंभावरही नासिकच्या गोरखिता नावाच्या स्त्रीने दिलेल्या दानाची नोंद कोरलेली आहे. नाशिकच्या एका गृहिणीने शेकडो कोसांवर जाऊन आपल्या नावाबरोबर आपल्या गावाचेही नाव दगडावर ठेवले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

त्याच त्रिरश्मी डोंगरातील राजाज्ञा वाचल्या की एक वेगळे नाव समोर येते. गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी यांच्या आज्ञा गोवर्धन येथील अमात्याला उद्देशून आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी कायम निधी ठेवला, तोही गोवर्धनातील विणकरांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे दोन हजार आणि दुसरीकडे एक हजार कार्षापण ठेवण्यात आले. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतीप्रमाणे नोंदविण्यात आला, असे तो लेख सांगतो. म्हणजे आहाराचे, आजच्या भाषेत जिल्ह्याचे, ठाणे गोवर्धन होते आणि शासनाचा पत्रव्यवहार त्याच नावाने चाले. दान देणारे लोक मात्र स्वतःला नासिकचे म्हणवीत.

पुढे काय झाले हे सर्वांपुढे आहे. शासकीय ठाण्याचे नाव संकोचत गेले. आज गोवर्धन हे गंगापूरजवळचे एक गाव आहे. लोकांच्या तोंडचे नासिक मात्र मोठ्या शहराचे, जिल्ह्याचे आणि महसुली विभागाचे नाव झाले.

नाक की नऊ शिखरे?

नावाच्या अर्थाविषयी दोन मते परंपरेने चालत आली आहेत. पहिले मत नासिका म्हणजे नाक या शब्दाशी जोडलेले आहे. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, म्हणून हे नासिक, अशी ही कथा सर्वज्ञात आहे. दुसरे मत भूगोलावर आधारलेले आहे. जुने गाव गोदावरीकाठच्या नऊ टेकड्यांवर वसलेले होते, म्हणून ते नवशिख, आणि त्याचाच अपभ्रंश नासिक, असे हे मत मानणारे सांगतात. जुनी गढी, चित्रघंटा यांसारख्या चढावांवरून जाताना या टेकड्यांची खूण आजही पायांना कळते.

एक तिसरी परंपरा चार युगांना चार नावे देते. कृतयुगात पद्मनगर, त्रेतायुगात त्रिकंटक, द्वापरयुगात जनस्थान आणि कलियुगात नासिक. जैन परंपरेनेही या नगराची आठवण जपली आहे. चौदाव्या शतकातील आचार्य जिनप्रभसूरी यांच्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात नासिक्यपुरावर स्वतंत्र प्रकरण आहे.

या मतांची छाननी करताना व्याकरणाची एक साक्ष फार मोलाची ठरते. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात पतंजलीने रचलेल्या महाभाष्यात या नगराच्या नावाची चर्चा आली आहे. नासिका या शब्दाला विशिष्ट प्रत्यय लागला की त्याचे ‘नस्’ असे रूप होते. वैद्य नाकात घालावयास देतात त्या औषधाला आपण नस्य म्हणतो, ते याच नियमाने. पण नाकातून उच्चारला जाणारा वर्ण आणि नगर, हे दोन अर्थ असतील तेव्हा हा नियम लागू होत नाही. तेथे ‘नासिक्य’ असेच रूप राहते, असा अपवाद तेथे नोंदलेला आहे. म्हणजे सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीच्या वैयाकरणांना हे नगर ठाऊक होते आणि त्याचे नाव ते नासिका शब्दापासूनच साधीत होते. मराठीच्या तासाला अनुनासिक शिकविणाऱ्या शिक्षकाने नाशिक शहराचे नाव त्याच शब्दकुळातील आहे हे सांगितले, तर विद्यार्थ्यांना नियम आणि नकाशा दोन्ही एकदम आठवतील.

मात्र येथे एक मर्यादा पाळावयास हवी. नाव नासिका शब्दाशी जोडलेले होते एवढेच व्याकरण सांगते. ते शूर्पणखेच्या कथेवरून पडले, की नदीच्या वळणावर नाकासारख्या पुढे आलेल्या भूभागावरून पडले, हे व्याकरण सांगत नाही. नवशिख ही व्युत्पत्ती भाषेच्या दृष्टीने नंतरची वाटते; पण गाव टेकड्यांवर वसले होते ही तिच्यातील माहिती खरी आहे. लोकव्युत्पत्ती शब्दाचे मूळ सांगताना चुकू शकते. गावाचे वर्णन करताना मात्र ती बहुधा अचूक असते. म्हणून ती टाकून न देता ‘परंपरेने असे सांगतात’ एवढे म्हणून नोंदवून ठेवणे, हेच अभ्यासकाचे काम.

गुलशनाबाद

मुसलमानी राजवटीत या शहराला गुलशनाबाद हे नाव मिळाले. फारसीत गुलशन म्हणजे फुलबाग. गुलशनाबाद म्हणजे फुलबागांनी नटलेली वस्ती. याचा अर्थ काही वेळा गुलाबांचे शहर असा केला जातो, तो पुरेसा अचूक नाही. गोदावरीच्या पाण्यावर फुललेल्या साऱ्याच बागा या नावात येतात.

अठराव्या शतकाच्या मध्यास येथे मराठ्यांची सत्ता स्थिर झाली. पेशव्यांच्या आणि त्यांच्या सरदारांच्या आश्रयाने मंदिरे, घाट आणि वाडे उभे राहिले, व नाशिक हे नाव पुन्हा प्रतिष्ठित झाले. तरीही नाशिकच्या टांकसाळीतून निघणाऱ्या रुपयावर टांकसाळीचे नाव फारसी लिपीत गुलशनाबाद असेच उमटत राहिले. जरीपटक्याची खूण असलेली ही नाणी नाणेसंग्राहकांच्या परिचयाची आहेत. नाणे चालावयाचे तर लोकांच्या ओळखीचा ठसा बदलून भागत नाही, हा त्यातील व्यवहार होता. एकाच शहरात बाजारातील बोलण्यात नाशिक आणि हातातील रुपयावर गुलशनाबाद, अशी दोन नावे एकाच वेळी नांदत होती. तेव्हा नाव एका आज्ञेने एका दिवसात बदलते, ही समजूत इतिहासाला मान्य नाही.

इंग्रजी अमदानी आणि ‘श’चा प्रश्न

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली आणि नाशिक इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६४ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. १८६९ मध्ये अहमदनगर आणि खानदेश यांतील भाग काढून नाशिक हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. आरंभीच्या इंग्रजी कागदांत आणि पुस्तकांत या नावाचे स्पेलिंग कानाला येईल तसे, दोन एस घालून, केलेले आढळते. पुढे १८७० च्या दशकात सर विल्यम हंटर यांनी देशी नावे रोमन लिपीत लिहिण्याची एक पद्धत घालून दिली. तिला अनुसरून १८८३ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये एकच एस आला. मात्र उच्चार ‘सि’ असाच धरला गेला, आणि ‘नासिक’ हेच रूप इंग्रजी दप्तरात रूढ झाले.

मग मराठीत ‘शि’ कोठून आला? तो मराठीच्या स्वभावातून आला. संस्कृत आणि प्राकृत शब्द मराठीत येताना इ, ई, ए या स्वरांपूर्वीच्या सकाराचा बहुधा शकार होतो. सीमा या शब्दाचे शीव झाले. सिंदूराचा शेंदूर झाला. सीवन करणे म्हणजे शिवणे आणि सिंचन करणे म्हणजे शिंपणे. उलट, अ, उ, ओ यांसारखे स्वर पुढे असतील तर मूळचा शकारही सकार होतो. शुंडा या शब्दाची सोंड झाली ती याच नियमाने. नासिकचे नाशिक होणे हे शीव आणि शेंदूर यांच्या पंक्तीतले आहे. त्याला बोलीतील अशुद्ध उच्चार म्हणणे चुकीचे ठरेल. या नावावरील ती मराठी भाषेची मोहोर आहे. लेखांतील आणि व्याकरणातील नासिक हे रूप जुने आहे, हिंदीत ते आजही चालते, आणि नाशिक हे त्याचे मराठी रूप आहे. दोन्ही रूपांना आपापला आधार आहे.

इंग्रजी दप्तराची गंमत अशी की त्याने हा नियम दोन ठिकाणी नेमका उलटा लिहिला. नाशिकमध्ये ‘इ’पूर्वी मराठी माणूस श म्हणतो, तेथे इंग्रजीत स आला. सोलापुरात ‘ओ’पूर्वी मराठी माणूस स म्हणतो, तेथे इंग्रजीत श आला आणि शोलापूर झाले. आज इंग्रजी लिखाणातही नाशिकसाठी एच घातला जातो आणि सोलापूरमधील एच गाळला जातो. शहराचे नाव बदलले असे या दुरुस्तीबाबत म्हणता येणार नाही. लोकांचा उच्चार होता तोच राहिला. बदल कागदात झाला.

सातासमुद्रापार गेलेले नाव

इंग्रजी अमदानीत या नावाला काही असे अर्थ प्राप्त झाले की ज्यांची नाशिककरांनाही फारशी माहिती नाही. त्यांतील सर्वांत हृदयस्पर्शी अर्थ आफ्रिकेच्या इतिहासात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रजी आरमार पकडीत असे. त्यांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलामुलींपैकी काहींना मुंबईत उतरविले जाई. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर ही वसाहत उभारली होती. तेथील आश्रमात या मुलांना ठेवून अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम असे शिक्षण देण्यात येई. आज नाशिककर ज्या शरणपूर रस्त्याने रोज ये-जा करतात, त्या नावातील शरण हा शब्द या वसाहतीची आठवण देतो.

घरदार हरपलेल्या या मुलांची मूळ नावेही मागे पडली. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना इंग्रजी नावे मिळाली. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ मध्ये आपल्या शेवटच्या आफ्रिका प्रवासास निघाला, तेव्हा शरणपूरच्या शाळेतील काही तरुण त्याच्याबरोबर गेले. त्याच्या रोजनिशीत आणि पुढील इंग्रजी लिखाणात त्यांचा उल्लेख ‘नासिकची मुले’ असा येतो. १८७२ मध्ये याच शाळेत शिकलेला जेकब वेनराइट आणि त्याचे सोबती लिव्हिंग्स्टनच्या मदतीस पोहोचले. १८७३ मध्ये आजच्या झांबिया देशातील चितांबो या गावी लिव्हिंग्स्टनचे निधन झाले. चुमा आणि सुसी या त्याच्या जुन्या साथीदारांसह या मंडळींनी त्याचे शव अनेक महिने पायी चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणले. लिहिता येणाऱ्या वेनराइटने तेथील झाडावर मृत्यूची नोंद कोरली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता. नाशिकला गिरविलेली अक्षरे आफ्रिकेच्या अंतर्भागातील एका झाडावर अशा रीतीने उमटली.

१८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रियर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत स्थापन झाली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे नाव तिला देण्यात आले. तेथे नाशिकहून गेलेले आफ्रिकी शिक्षक व कारागीर या वस्तीचा कणा ठरले. तेथील चौकात आजही घंटेचे जुने स्मारक आहे आणि त्या भागाला स्वाहिली भाषेत केंगेलेनी, म्हणजे घंटेपाशी, म्हणतात. सरकारी नाव गव्हर्नराचे, लोकांनी ठेवलेले नाव डोळ्यांपुढील घंटेचे. गोवर्धन आणि नासिक यांचीच ही आफ्रिकेतील आवृत्ती म्हणावी लागेल. ज्यांची स्वतःची नावे हिरावली गेली होती, त्यांची ओळख सांगण्यासाठी नाशिक हे नाव उपयोगी पडले, याहून मोठा अर्थ एखाद्या शहराच्या नावास क्वचितच लाभत असेल.

आकड्यांत आणि तिकिटांत

नाशिक येथे राहिलेल्या ए. एच. फ्रॉस्ट या मिशनऱ्यास गणिताची आवड होती. १८६० च्या दशकात त्याने एका विशिष्ट प्रकारच्या जादूच्या चौरसाचा अभ्यास केला आणि आपल्या वास्तव्याच्या ठिकाणावरून त्याला ‘नासिक चौरस’ असे नाव दिले. गणितात ही संज्ञा तेव्हापासून परिचित आहे. या प्रकारचा एक चौरस असा :

७ १२ १ १४
२ १३ ८ ११
१६ ३ १० ५
९ ६ १५ ४

यातील कोणतीही आडवी ओळ, उभी ओळ अथवा दोन्ही मुख्य कर्ण यांची बेरीज ३४ येते. त्याशिवाय, १२, ८, ५ आणि ९ असा एका कडेला तुटून दुसऱ्या कडेला सुरू होणारा कर्ण घेतला तरी बेरीज ३४ च राहते. हा गुण सर्व तुटक कर्णांत असला तरच चौरसास ‘नासिक’ म्हणावयाचे. येथे दिलेला चौरस खजुराहो येथील पार्श्वनाथ मंदिरात कोरलेला आहे, आणि नारायण पंडिताने १३५६ मध्ये ‘गणितकौमुदी’त अशा रचनांचे गणित मांडले होते. विद्या भारतात जुनी होती; युरोपीय गणितात तिला नाव मिळाले ते गोदाकाठच्या गावाचे.

तिसरा अर्थ टपालतिकिटांच्या संग्राहकांचा. १९२० च्या दशकात नाशिक रोड येथे भारत प्रतिभूती मुद्रणालय सुरू झाले आणि १९२८ पासून तेथे चलनी नोटांची छपाई होऊ लागली. तोपर्यंत भारताची टपालतिकिटे लंडनहून छापून येत. त्यामुळे पाचव्या जॉर्जच्या तिकिटांत संग्राहक ‘लंडन छपाई’ आणि ‘नासिक छपाई’ असा भेद करतात. त्यांच्या बोलीत नासिक म्हणजे हिंदुस्थानात छापलेले तिकीट.

दप्तराचे काम

हा सारा प्रवास पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. नाव टिकते ते लोकांच्या तोंडी. पण त्याची साक्ष टिकते ती दप्तरात. गोवर्धन, नासिक्य, गुलशनाबाद, नासिक आणि नाशिक ही सर्व रूपे नोंदली गेली, म्हणूनच आज ती एकमेकांशी जुळविता येतात. एखाद्या संशोधकाला मोंबासाच्या कुटुंबाचे मूळ शोधावयाचे असेल, किंवा एखाद्या शेतकऱ्याला पणजोबांच्या मोडी कागदातील गाव आजच्या नकाशावर दाखवावयाचे असेल, तर दोघांनाही हीच जुळणी लागते. ती न जुळल्यास एकाची कुळकथा अर्धी राहते आणि दुसऱ्याचा हक्क सिद्ध करणे अवघड होते.

म्हणून ग्रामपातळीवर तीन साध्या गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. ग्रामपंचायतीने आपल्या गावाचे, वाड्यांचे, पाड्यांचे, ओढ्यांचे व शिवारांचे प्रचलित नाव, जुन्या कागदांतील नाव आणि इंग्रजी स्पेलिंग अशी एक वही तयार करावी. उच्चार वृद्ध ग्रामस्थांना विचारून लिहावा. तो पुस्तकी शुद्धतेसाठी बदलू नये. कारण आज अडाणी वाटणाऱ्या उच्चारात भाषेचा एखादा जुना नियम दडलेला असू शकतो, हे नाशिकच्या ‘श’ने दाखवून दिले आहे. शिक्षकांनी ही माहिती गोळा करण्याचे काम विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे आणि नावामागील कथा व पुराव्याने सिद्ध झालेली माहिती वेगवेगळ्या रकान्यांत लिहावयास शिकवावे. कार्यालयांनी नव्या स्पेलिंगबरोबर जुने स्पेलिंगही संदर्भासाठी ठेवावे, म्हणजे जुना कागद घेऊन आलेला नागरिक परत जाणार नाही.

उषवदाताने विणकरांकडे ठेवलेल्या निधीची नोंद निगमसभेत झाली, त्याला एकोणीसशे वर्षांहून अधिक काळ लोटला. ते विणकर राहिले नाहीत आणि कार्षापणही राहिले नाहीत. नोंद राहिली, आणि तिच्यामुळे एका गावाचे त्या वेळचे नाव आपणांस ठाऊक आहे. आजच्या ग्रामसभेत लिहिलेली गावाच्या नावांची वहीही पुढील पिढ्यांना अशीच उपयोगी पडेल.